डाव्या हाताची खूण

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी टीव्हीवरच्या कुस्तीत त्या ‘रेड्या’नं तुला आपटलं, तेव्हा बाबा ताटावरून उठले. मी समजावलं, की हे सगळं आधी ठरलेलं असतं, कोण जिंकणार तेसुद्धा. ते म्हणाले, शिकलीस म्हणून बापाला वेडा समजू नकोस. आईनं उठून टीव्हीच बंद केला. सुट्टीत तुझ्या शर्टाची बटणं तिनंच लावली होती ना! डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, मानेवर आणखी एकदा पडलास तर उठणार नाहीस. दादा, हे खोटं असेल तर सोड, आणि खरं असेल तर आजच सोड. मला आता शाळेत नोकरी आहे. घरी ये.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी छोटी

ता. ८ मार्च

आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधर बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

निकाल दुपारीच ठरतो, हे तुझं बरोबर. ठोसा हवेत जातो, आवाज पायाचा असतो. पण खोटं खोटं पडता येत नाही गं. खालच्या फळ्या खऱ्याच असतात. मी थांबलो तर मॅनेजर उद्या दुसरा उभा करेल, आणि मला पडण्याशिवाय येतं काय?

पंचवीस तारखेला मोठा खेळ आहे. शेवटी रेडा मला डोक्यावर उचलून आपटणार. घाबरू नकोस, आमची खूण असते. उचलण्याआधी तो माझा डावा हात धरतो. मी दाबला, तर न उचलता साधंच लोळवतो. माणूस फार मायाळू आहे. बाबांना सांगू नकोस, त्यांची शिव्या घालायची मजा जाईल.

लोभ आहेच, कान पिळायचा हक्कही आहे.

दादा

ता. १३ मार्च

श्री. रेडाकाकांस,
सा. न. वि. वि.

मी तुमच्या जोडीदाराची धाकटी बहीण. तुमचं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून पोस्टरवरचं लिहिलं, माफ करा. आमच्या घरी दर शनिवारी तुमचा उद्धार होतो, तरी आज तुमच्यापुढेच पदर पसरते आहे.

दादानं तुमच्यापासून लपवलंय. त्याच्या डाव्या हातात जोरच उरलेला नाही, चहाचा कपसुद्धा धरवत नाही. तो जीव खाऊन दाबेल आणि तुम्हाला काही जाणवणार नाही. ठीक आहे असं समजून तुम्ही उचलाल. त्याला लिहिलं तर हसण्यावारी नेईल. तुम्हाला लिहिलं हे कळलं, तर जन्मात माझ्याशी बोलणार नाही. चालेल मला. काका, त्याला उचलू नका हो.

ओळख नसताना हक्क दाखवला, राग नसावा.

त्याची बहीण

ता. २६ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्यामागे गावोगाव फिरून खेळाच्या दिवशीच मिळालं. काल त्याचा हात धरला. काहीच जाणवलं नाही. तोंडाकडे पाहिलं तर दात आवळलेले, कपाळाची शीर फुगलेली. म्हणजे तो दाबत होता. मग त्याला लोळवायलाही माझा हात धजेना. काही सुचेना, म्हणून मीच आडवा झालो आणि उठलोच नाही. लोक बोंबलले, खोटं आहे, पैसे परत द्या. अंगावर खुर्च्या आल्या. मॅनेजरनं दोघांनाही हाकललं.

माझं काय, होईल कुठंतरी. तुझा दादा माझ्या खोलीवर भिंतीकडे तोंड करून बसलाय. जेवत नाही. एकदाच म्हणाला, मान मोडून गेलो असतो तर बाबांना तोंड दाखवलं असतं, असा जिंकून कसा जाऊ? त्याची समजूत घालणं मला जमत नाही. तू शिकलेली आहेस.

बाबांना घेऊन ये. मला बघून खवळतील, तर खवळू देत. उशीर करू नकोस, पोरी.

तुझा काका