पाण्याच्या ड्रमची जागा

आई, उद्या मला एका छोट्या देशाला सल्ला द्यायचा आहे. नदीतल्या बेटावरून त्याचं मोठ्या शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं बिनसलंय. तिसऱ्याला मध्ये बोलवावं का, एवढंच त्यांना विचारायचंय. तारनाक्याला, विद्यापीठातल्या आमच्या विभागात सगळे म्हणतात, नको, मोठा शेजारी चिडेल, मग व्यापार, रस्ते, सगळंच अडवेल. मी मात्र 'बोलवा' असं लिहून मोकळी झाले आहे. हे शहाणपण मी पुस्तकांतून घेतलं असं त्यांना वाटतं, वाटू दे.

मला काचीगुड्याचं आपलं घर आठवतंय. आपल्या आणि शेजारच्या अक्कांच्या भिंतींमधली ती दोन हात जागा, तिथे ठेवलेला आपला पाण्याचा ड्रम. त्या ड्रमपायी तुमचं बोलणं बंद झालेलं. बाबा कोर्टाची भाषा करत होते, तेव्हा तू पदर खोचून पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान मावशींना, खालांना बोलवायला गेलीस. त्या दोन्ही घरांना सारख्याच परक्या, म्हणून अक्कांनीही मान डोलावली. आणि मग तू घोळ घातलास. खाला दारात आल्या आणि तू त्यांच्या हातात शिऱ्याची बशी ठेवलीस. आपल्याकडे कुणी कोरड्या तोंडानं जात नाही ना! अक्का समोरच्या दारातून बघत होत्या. "इनका खाई, अब इनकाच बोलती," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. तुझा चेहरा असा उतरला की मला रडू आलं.

खाला मात्र शांतपणे शिरा संपवतात, तोंड पुसतात आणि अक्कांचं दार वाजवतात. "तुमारे घर का बी खाऊंगी मैं, पेट भर के. फिर बात करेंगे." अक्कांचा पुलिहोरा, तो चिंचेचा भात, खाऊन त्या बाहेर येतात, त्या दोन हात जागेत खुर्ची टाकून बसतात, दोघींचं ऐकून घेतात आणि जागा अक्कांना देऊन टाकतात. बाबा तणतणत होते. तू एकटीनं ड्रम रिकामा केलास, फरफटत अंगणात आणलास आणि त्यांना म्हणालीस, "मीच बोलावलं ना त्यांना? ऐकायचंच नव्हतं तर बोलावलं कशाला?" मला तुझा किती अभिमान वाटला होता, ते तेव्हा सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून मी लिहिलंय, बोलवा, पण निकाल विरुद्ध गेला तरी मानायची तयारी असेल तरच. आणि मध्यस्थांनी एकाच बाजूची मेजवानी घेऊ नये, जेवायचं तर दोघांकडे. या ओळीवर विभागातले हसले, काढून टाक म्हणाले. मी काढली नाही. शिऱ्याची बशी काय करू शकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांनी कुठे पाहिलंय!

सल्ला उद्या सकाळी जाईल, हे पत्र माझ्या खणातच राहील. तुझ्यापाशी एक कबूल करते, त्या सल्ल्यात करायची सोय नाही. परवा काचीगुड्याला गेले होते. अक्कांच्या सुनेनं त्या जागेत कढीपत्ता लावलाय. तिनं प्रेमानं चहा दिला, मी झाडाचं कौतुक केलं, निघताना मूठभर पानंही घेतली. आणि रिक्षात बसता बसता मनात आलं, काही म्हण आई, जागा आपलीच होती.