गोंडा सांभाळायचे सहा आठवडे

३ एप्रिल, बुधवार
सगळं बदललं ते काल सकाळी सव्वाअकराला. कॉलेजातल्या सायलीनं झाकणाची बादली माझ्या हातात दिली अन् म्हणाली, "सहा आठवडे सांभाळशील ना? तू घरीच असतोस."
घरीच असतोस! इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं म्हणजे मी काय रिकामा झालो? दुसरं कुणी असतं तर बादली त्याच्याच डोक्यावर ओतली असती. मी म्हणालो, "सांभाळतो की. त्यात काय."
ती रत्नागिरीला, ट्रेनिंगला. स्वतः समुद्राकाठी चालली अन् तिचा समुद्र सिडकोत, माझ्या खोलीत. बादलीत सी-ॲनिमोन. दगडाला चिकटलेला जीव, अंगभर गुलाबी बोटं, फुलासारखा दिसतो. नाव ठेवलंय गोंडा. सोबत एक नारंगी मासा. काचेची टाकी, दिवा, पंप मागून टेम्पोनं आलं.
जाताना म्हणाली, "आल्यावर निवांत बोलू." काय बोलू? कशाबद्दल? सहा आठवडे आता ह्याच वाक्यावर.

५ एप्रिल
आप्पा जेवताना: "कॉलेज सोडलं अन् डबक्याची नोकरी धरली."
ताटावरून उठलो, खोलीचं दार आपटलं. आपटताच गों. मिटून मुठीएवढा. अर्धा तास उघडलाच नाही. म्हणजे ह्या घरात आता रागसुद्धा आवाज न करता करायचा. कमाल आहे.

९ एप्रिल, पाडवा
आईनं टाकीला हळदकुंकू लावलं. वर साखरेची गाठी काठावर लटकवली. "तो पण घरातलाच की आता." तासाभरात मुंग्यांची रांग. गाठी काढली, मुंग्या पुसल्या, बोललो बरंच. सणासुदीला बोललो म्हणून आप्पांचं वेगळं ऐकलं.

१३ एप्रिल
आज नळ आला, आठव्या दिवशी. गों. ला नळाचं पाणी चालत नाही, फिल्टरचंच लागतं. दोन तास बसून निळा ड्रम भरला. आंघोळ करून येतो तर आई सगळ्या ड्रमांतून तुरटी फिरवत होती. माझ्याही!
"तुरटीनं पाणी नितळतं रे."
"अन् तो मरतो! तुझ्या तुरटीचा थेंब टाकीत नको. अन् ह्या निळ्या ड्रमला तर हातच लावायचा नाही, सांगून ठेवतो!"
आईनं तुरटी फडक्यात बांधून ठेवली. बोलली नाही. दुपारी ताट झाकून ठेवलेलं. तेही बोलत नव्हतं.

१८ एप्रिल
ऊन नुसतं भाजतंय. टाकीचं पाणी ३१ वर. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, कूलर तिकडं वळवला.
आप्पा: "आम्ही घामात अन् फुलोबा गारव्यात!"
मी: "त्याला कळतं तरी, कुणामुळं गार वाटतंय ते." (खोटं. त्याला काही कळत नाय. डोकंच नाय त्याला.)
कूलरच्या वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, खारटपणा वाढतो. काचेवर स्केचपेननं रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं की गोडं पाणी घालायचं. दिवसाला दोन लोटे.

२२ एप्रिल
बजाजनगरला एका वर्कशॉपात लागलो. आठ ते पाच, आठवडाभर, फक्त रविवार सुट्टी. आता म्हणावं सायलीनं, घरीच असतोस म्हणून.
आईला रेघ दाखवली. "खाली गेलं की गोडं पाणी घाल. तुरटीचं नको, चांगलं घाल."
"चांगलंच घालीन," म्हणाली. नऊ दिवसांनी नीट बोलली. बरं वाटलं.

२९ एप्रिल
गों. ला काय झालंय? बोटं आखडली, तोंड ढिलं पडलंय. कोळंबीचा तुकडा दिला, थुंकला. मासा मात्र मजेत.
सायलीनं फोटो मागितला. पहिल्या आठवड्यातला पाठवला. तिचं उत्तर: "वा! माझ्यापेक्षा तूच भारी सांभाळतोस."
मोबाईल पालथा ठेवला. लई हलकट आहे मी.

४ मे
आता निम्मा राहिलाय. दिवा बदलला, पंप धुतला. मग शहागंजात हमीदभाईंच्या माशांच्या दुकानात जाऊन भांडलो. खारं पाणी करायचं मीठ त्यांचंच.
"मियाँ, चिल्लाते कायको? मछली कैसी है?"
"ठणठणीत."
"तो नमक अच्छा है. मछली जीती, फूल मरता, तो तांबा होना. तांबा गया क्या पानी में?"
तांबं कुठून येणार? घरी येऊन पंपाची वायर इंच न् इंच तपासली. काही नाही. हमीदभाईंनाच काही कळत नाही.

५ मे, रविवार
सुट्टी म्हणून घरी. पूजा आटोपून आई लोटा घेऊन खोलीत आली, रेघेपर्यंत पाणी ओतलं. किती जपून, काठावरून, त्याला धक्का नको म्हणून.
"कुठलं पाणी हे?"
"हंड्यातलं. आप्पांना सकाळी देते ना, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं, तेच. चांगलं घाल म्हणालास. ड्रमला हात लावू नको म्हणालास."
रोज दोन लोटे. तेरा दिवस. माणसाला औषध म्हणून देतात, अन् त्याला ते…
ओरडायला तोंड उघडलं. निळ्या ड्रमला हात लावू नको असं कोण किंचाळलं होतं? मग तिनं पाणी आणायचं कुठून?
हमीदभाईंना फोन. "पूरा पानी बदलो, फिल्टर में कोयला डालो. फूल को नये पानी में अलग रखो. आगे मालिक की मर्जी. और अम्मी पे मत चिल्लाना, हौ?"
ह्यांना कसं कळलं?

८ मे
गों. बादलीत, नव्या खाऱ्या पाण्यात. दगड सोडलाय, नुसता लोळतो. पाय चिकटला तर जगेल, नाहीतर नाही.
हंडा स्वयंपाकघरात दिसत नाही. आईनं माळ्यावर टाकला. आप्पांनी कूलर स्वतः उठून बादलीकडं वळवला.

१३ मे
सायली: "बुधवारी सकाळी दहाला स्टँडवर उतरतेय. गोंड्याचा आजचा फोटो टाक ना!"
जुना एक फोटो निवडला. काढला. परत निवडला. परत काढला. लई झालं.

१५ मे, बुधवार
सकाळी आजचाच फोटो पाठवला. खाली लिहिलं, "तांब्याच्या हंड्यातलं पाणी गेलं. चूक माझी. जुना फोटो पाठवला, ती पण." निळ्या खुणा लगेच. उत्तर वीस मिनिटांनी: "स्टँडवर ये." बस्स. रागानं की कशानं, तीनदा वाचलं तरी कळेना.
गों. बादलीच्या तळाशी आहे. पाय चिकटलाय की नुसता टेकलाय, दिसत नाही. हात लावून बघायचं धाडस नाही.
आई: "मी येऊ का? सांगते तिला, माझ्या हातून झालं म्हणून."
"नको आई. माझं मी सांगतो."
"त्याला काही घालू का?"
"काही नको. नुसती बस त्याच्यापाशी."
स्टूल ओढून बसली. पदर सावरून, आजाऱ्यापाशी बसतात तशी.
साडेनऊ. निघतो. दार आपटावं, मिटला तर कळेल तरी जिवंत आहे म्हणून.
नको. हळूच ओढून घेतो.