‘यथोपरि’ यांची एकशे बारा पुस्तकं

६ जानेवारी, सोमवार

चालला! प्रोग्राम एका दमात चालला. बाबांच्या पुस्तकयादीच्या पाचही फायलींची वेब पेजं झाली. अकराशे चाळीस पुस्तिका — विदर्भातून भिलाई, दुर्ग, राजनांदगावात आलेल्या आपल्या माणसांनी लिहिलेल्या, पदरमोड करून छापलेल्या, कुठल्याच ग्रंथालयात न सापडणाऱ्या. लेखक, नाव, प्रेस, साल. बाबांनी रिटायर झाल्यावर सगळं स्वतः टाइप केलंय. रविवारी भिलाईतल्या रुआबांध्याच्या बुद्धविहारात साइट सगळ्यांसमोर उघडायची. सहा दिवस आहेत. मला दोन पुरेत.

७ जानेवारी, मंगळवार

हसून हसून पोट दुखलं. लेखकांची पानं तयार झाली आणि सगळ्यात जास्त पुस्तकं कोणाची? ‘यथोपरि’ यांची! एकशे बारा!

बाबांनी चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये हिंदीतून रजिस्टर भरलं. वरचंच नाव पुन्हा आलं की खाली ‘यथोपरि’. तीच सवय इथे. फोनवर विचारलं तर म्हणतात, “मंग? तेच नाव घडी घडी कावून लिहू?”

दहा ओळींत निकाल लावला — ‘यथोपरि’ दिसलं की वरच्या ओळीतलं नाव उचल. यथोपरि साहेब सेवानिवृत्त.

१० जानेवारी, शुक्रवार

शंभर नोंदी तपासल्या. शंभरही बरोबर. आपण हुशार आहोत, स्वतःच्या वहीत लिहायला कसली लाज!

१२ जानेवारी, रविवार

झकास झालं. विहारात जो तो मोबाइलवर आपल्या बापाचं, काकाचं नाव शोधत होता. बाबा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

सिंधुताईही आल्या होत्या. बाबांचे जिवलग मित्र शामरावकाका, त्यांची बायको. काका जाऊन अकरा वर्षं झाली. नात टीनानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला — “आजी, देख ना, तेरे नाम पे आठ किताब है.” सिंधुताईंनी ती आठ नावं बोटानं मोजली. नंतर माझा हात धरला तो सोडेचनात. मला वाटलं, गर्दीनं थकल्या असतील.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी बाबांचा फोन — “शामरावचं पानच नाही दिसून राहिलं.”

शोधलं. काकांच्या पहिल्या गीतपुस्तिकेवर सालच छापलेलं नाही. साल नसलेली ओळ माझा प्रोग्राम गाळतो. ती गळली आणि तिच्याखालचे सात यथोपरि जाऊन चिकटले तिच्या वरच्या नावाला, म्हणजे सिंधुताईंना. त्यांची स्वतःची एकच पुस्तिका, काका गेल्यावरची. नवऱ्याची सात पुस्तकं बायकोच्या नावावर!

वीस मिनिटांत दुरुस्त केलं. शामराव आठ, सिंधुताई एक. माझ्या शंभर नोंदींत ही नेमकी नव्हती, एवढंच.

१५ जानेवारी, बुधवार

टीनाचा फोन आला की आजी कालपासून जेवत नाहीये, तुम्हाला बोलावतेय. गेले. सिंधुताई खाटेवर बसून होत्या.

“रविवारी तं बरोबर होतं ना बाई. कावून बदलवलं?”

मी समजावलं. साल, गळलेली ओळ, यथोपरि, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खाटेखालची पेटी ओढायला लावली. आत वह्या. शाईनं लिहिलेल्या, ओळीओळीला खाडाखोड. पहिल्या पुस्तिकेपासून सगळी गाणी त्यांत आहेत. अक्षर त्यांचं.

“ते ड्यूटीवर राहत अन् मी इकडे लिवत होती. छापून आले तं वरतं त्यायचं नाव. मी म्हटलं, राहू द्या, घरातलंच नाव आहे. पन रविवारी पाह्यलं अन् वाटलं, मराच्या आधी कोनाले तरी मालूम झालं.”

मला माझ्या वीस मिनिटांची लाज वाटली. फार वाटली. माझ्या प्रोग्रामनं चुकून खरं सांगितलं होतं आणि मी हुशारी करून ते खोडलं.

नऊही त्यांच्या नावावर करणार. पण यादी बाबांची आहे, न विचारता हात लावायचा नाही. बाबा नाही म्हणणार नाहीत. अशा बाबतीत ते पक्के आहेत, मला खात्री आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

बाबांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकलं. चष्मा काढून ठेवला.

“मले मालूम आहे. प्रेसमधी प्रूफ मीच पाहत होतो. बाईचं नाव टाकलं तं कोनी घेनार नाही म्हनून नाव मीच बदलवलं. शामराव तं नको म्हनत होता. सिंधूले वाटते त्यानंच केलं.”

मी म्हटलं, चपला घाला, सिंधुताईंकडे जाऊ.