दिगंबर मागे का होता

गुरुवार, १४ ऑगस्ट. सौंसर, स. ९
सहाला नागपूरहून निघालो. सावनेरपासून धो धो. ट्रकांचे चिखलाचे फवारे अंगावर, बूट भरलेले. आज पचमढी, मग भोपाळ, मांडू. पॉलिटेक्निकपासून आम्ही तिघं दरवर्षी जातो, तीन मोटरसायकली. कच्चा गडी मधे, हा नियम. समोर मी, शेवटी प्रमोद, मधे दिगंबर. त्याच्या चष्म्यावर पाणी आलं की चाळीसच्या वर जात नाही. सत्तर किमीला तीन तास! डोकं फिरलंय.

तोच दिवस, संध्याकाळ. छिंदवाडा
दिगंबर पडला. सौंसरच्या पुढच्या घाटात.
खरं तेच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या बदलून लिहीन. सकाळी टपरीवर सगळ्यांदेखत मी म्हणालो, "दिग्या, पाठीवर बैलगाडीचा बोर्ड लाव गा. तुझ्यापायी आम्ही रांगत जाऊन राहिलो." टपरीवालाही हसला. दिगंबर चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मले मधात नका ठेवू. तुम्ही व्हा समोर, मी येतो मागून." प्रमोदनं माझ्याकडं पाहिलं. मी किक मारली. बरं वाटलं होतं मला. सुटलो एकदाचे, असं.
घाट संपल्यावर ढाब्यावर भजी सांगितली. भजी खाऊन झाली तरी हा नाही. परत फिरलो. पुलियाजवळ नालीत होता, पाय गाडीखाली. "चष्मा पाहा गा माझा," एवढंच बोलला. भाजीच्या पिकअपवाल्यानं उचलायला मदत केली. विचारलं, "आपके साथ के हैं? फिर अकेले कैसे?"

शुक्रवार, १५ ऑगस्ट
पाय दोन ठिकाणी मोडला. डोक्याला मार, पण बोलतो. हॉस्पिटलबाहेर शाळेत झेंडावंदन, माईकवर गाणी. पाऊस आहेच.
दुपारी सुनंदावहिनी आल्या. ओल्या साडीनंच उभ्या. "हे मागं काहून होते, भाऊजी? तुम्ही तर यांना मधात ठेवता ना?"
प्रमोद म्हणाला, "त्यानंच म्हटलं वहिनी, मागून येतो म्हणून."
खोटं नाही. मी मान हलवली.

रविवार, १७ ऑगस्ट
काल त्याला नागपूरला आणलं. आज पायात रॉड टाकला. दिगंबरला सावनेरनंतरचं काहीच आठवत नाही. टपरी नाही, घाट नाही. शुद्धीत आल्यावर माझा हात धरून म्हणतो, "माझ्यामुळं तुमची ट्रिप बुडाली गा." बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. लाज वाटली.

गुरु., २८ ऑगस्ट
बुटीबोरीला ड्यूटी, मशीनवर लक्ष नाही. सुपरवायझर बोलला, ऐकून घेतलं. दिगंबरचं दुकान बंदच. वहिनी रोज डबा भरून हॉस्पिटलात, वर मलाच विचारतात, जेवले का?

रविवार, ७ सप्टें.
दिगंबर घरी आला. पाय थोडा आखूड राहील म्हणाले. गाडीचं डॉक्टरनं नावच काढू दिलं नाही.
प्रमोदला फोन केला, सांगून टाकतो म्हणालो. तो भडकला. "पाय जुळून राहिला ना त्याचा? मग तुले काहून खाज? तुले हलकं वाटावं म्हणून त्याले जड करतो का?"
बिनतोड बोलला. झोप नाही.

शनिवार, १३ सप्टें.
गेलो होतो. न सांगण्याचं ठरवून गेलो होतो. दिगंबर पलंगावर, नवा चष्मा. वहिनी आत चहा टाकत होत्या. इकडचं तिकडचं झालं, मग तो म्हणाला, "सारं आठवून पाहतो, पण मी मागं काहून राहिलो तेच समजत नाही. मले घाटाची भीती वाटते ना गा. मी स्वतःहून काहून म्हणीन असं?"
सांगितलं. बोर्डाचं, टपरीवाल्याचं हसणं, मला बरं वाटलं तेसुद्धा.
तो पायावरची चादर नीट करत राहिला. आत कपबश्यांचा आवाज थांबला. बराच वेळ बसलो. चहा आला नाही. उठलो तेव्हा दिगंबर "बरं" म्हणाला, माझ्याकडं न बघता.

रविवार, १४ सप्टें.
फोन नाही. त्यांचा नाही, मीही केला नाही. प्रमोदला कळलंय, तोही उचलत नाही.
उद्या दिगंबरचा एक्स-रे, दहाला. भावाची कार मागून मीच न्यायचं, हे आधीच ठरलेलं. नको, असं कोणी कळवलेलं नाही. या, असंही नाही. साडेनऊला दारात कार लावणार आहे. बसला तर बसला.