लाल मिलोची रांग

नागपूर, ता. १७ नोव्हेंबर १९७४

सौ. वच्छलेस,

दरवेळी आशीर्वाद लिहितो. आज नमस्कारच घे.

माझा खोकला गेला. धाकट्या इंदूचा कान दुखायचा थांबला का?

परकीय मदत देशाला मिंधं करते, असं मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञांचं काल इथे व्याख्यान झालं. त्यांचे अकरा लेख मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचलेत. प्रश्नांच्या वेळी मी उठून म्हणालो, "बहात्तरच्या दुष्काळातही माझ्या घरात अमेरिकेचा दाणा शिजला नाही!" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागून आपल्या शेजारचा रुपराव ओरडला, "काहून गा खोटं बोलून राहिला? लाल मिलोच्या रांगेत वैनी माह्या पुढंच उभी राहे!"

सगळे हसले. व्याख्याते पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, "माझं भांडण सरकारांशी आहे. लेकरांना जेवू घालणाऱ्या बाईशी नाही."

त्या दुष्काळात तू पत्रात 'ज्वारी पुरते' असं लिहायचीस. ती आपली की रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, हे मी मुद्दाम कधी विचारलं नाही. आणि काल तुझी ती रांगच मी नाकारली.

रुपराव गुरुवारी गावी पोचेल. चावडीवर तो जे सांगेल ते अक्षरशः खरं आहे. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझा,
चंद्रभान