मेहमानखान्यातली रेंज

४ ऑक्टोबर, शनिवार

आज आलं: वायफायची रेंज वाढवणारी डबी, वापरलेली, दोन अँटेनांची, नव्वद हजार सोम (दुकानदार दीड लाखावर अडून बसला होता; मी निघून जायचं सोंग केलं तेव्हा ताळ्यावर आला). पुलावाचा तांदूळ दोन किलो, छप्पन्न हजार. पिवळी गाजरं, आठ हजार. हलवा. त्याची किंमत लिहीत नाही, ही वही हे चाळतात.

अल्लाच्या कृपेने मुकद्दस काल तिकडे कोरियात सुखरूप बाळंत झाली. मुलगा! येत्या शुक्रवारी जावईबापू बाळाच्या कानात अजान देऊन नाव सांगणार, आणि इकडे मार्गिलानमध्ये दोन्ही घरच्यांनी फोनच्या पडद्यावर ते ऐकून दुवा मागायचा. विहीणबाई सानोबर म्हणाल्या, आमच्याकडेच जमू या, आमच्या कोपऱ्याकोपऱ्यात इंटरनेट आहे हो. मी म्हटलं, लेकीचं पहिलं बाळ, मान माहेरचा. शब्द देऊन बसले. काळजीचं काही कारण नाही.

अडचण एवढीच, की राउटर अंगणापलीकडे, आमचा मुलगा दोनियोर आणि सूनबाईच्या नव्या घरात. मेहमानखाना अलीकडे, सासऱ्यांनी बांधलेला, मातीच्या हातभर जाड भिंतींचा. तिथे फोन नेला की पडद्यावरचं माणूस तोंड उघडं टाकून थिजतं.

५ ऑक्टोबर, रविवार

बिस्मिल्ला म्हणून डबी बसवली. मेहमानखान्यात, दारापासून सर्वांत दूर, मानाच्या जागेवरच्या कोनाड्यात. रेंज नाही.

सूनबाई गुलचेहरा म्हणते, आई, जिथे रेंज पोचतच नाही तिथे ही बिचारी वाढवणार काय? तिला मधे ठेवा, अंगणात, तंदूरच्या छपराखाली. वा! घरात नवीन आलेल्याला वरची जागा द्यायची की राखेत बसवायचं? हिला माहेरी काय शिकवलं कोण जाणे. शाळेत मला फिजिक्सला पाचपैकी चार होते. मॅट्रिकच्या दाखल्यावर आहेत अजून.

डबी परक्या घरात आली आहे, रुळायला वेळ लागणारच. सूनबाईलाही लागला होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नजर लागली असावी. इसिरिकची वाळकी जुडी पेटवून डबीला धूर दिला. लगेच हिरवा दिवा! हे म्हणाले, तो नुसता विजेचा दिवा आहे, बटण आत्ता चालू झालं. असू दे. सुरुवात तर झाली.

दोनियोर म्हणाला, आई, द्राक्षाच्या मांडवावरून एक तार ओढतो, भिंतीला एक भोक पाडतो, मेहमानखान्यात दुसरा राउटर लावतो, झालं. भोक! सासऱ्यांनी रंगवून घेतलेल्या भिंतीला! वर चार लाखांचा खर्च. नको म्हटलं. पैशासाठी नव्हे, तत्त्वासाठी.

विहीणबाईंचा फोन. आमचं दार उघडंच आहे हो, अजून वेळ गेलेली नाही. मी सांगितलं, आमच्याकडे एवढी रेंज आहे की शेजारीसुद्धा वापरतात. यात खोटं काही नाही. शेजारी वापरतात. त्यांची भिंत सूनबाईच्या बाजूला आहे, एवढंच.

निश्चय: शुक्रवारपर्यंत कोणाचा सल्ला ऐकायचा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. पहाटेच्या नमाजानंतर

मेहमानखान्यात रेंज! मुकद्दसचा चेहरा लख्ख, बाळाच्या नाकावरचे पांढरे ठिपकेसुद्धा दिसले. सारं माझ्या दुव्याचं फळ.

मागाहून कळलं, सूनबाईने काल मला न विचारता डबी तंदूरच्या छपराखाली नेऊन लावली. योगायोग असतात. तरी मी रागावले नाही. मन मोठं ठेवायचं असं ठरवलं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ

सगळं यथासांग पार पडलं, अल्हम्दुलिल्ला.

विहीणबाईंना वरच्या गादीवर बसवलं. फोन सूनबाईच्या हातात. जावईबापूंचा आवाज इतका खणखणीत, की विहीणबाईंनी दोनदा भिंतींकडे पाहिलं. अजान सुरू झाली. ह्यांचे डोळे भरून आले. मी दारात उभी. एवढ्यात दिसलं, आमची पांढरी कोंबडी छपराखाली शिरून डबीच्या वायरला चोच मारते आहे. नव्वद हजार सोम! कोणाला कळू न देता गेले, कोंबडी हाकलली, आणि मेली परत येईल म्हणून जवळची लोखंडी कढई (पुलावाची नव्हे, धाकटी) डबीवर उपडी घातली. आत आले तर सगळ्यांचे हात दुव्यासाठी वर झालेले, आणि पडद्यावर जावईबापू तोंड उघडं टाकून थिजलेले. कोरियाकडचं नेटवर्क कच्चं असावं. मी वेळेवर गेले म्हणून डबी तरी वाचली.

मी आमीन म्हटलं, आणि म्हटलं, किती सुंदर नाव! हे म्हणाले, हो, भारदस्त आहे. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या घराण्याला शोभेलसं. सूनबाई मात्र मागे लागली, आई, तुम्ही नीट ऐकलंत ना? पुन्हा फोन लावू का? मी म्हटलं, काही गरज नाही. वडीलधारी माणसं कानाने ऐकतात, बोटांनी नाही.

पुलाव उत्तम झाला. पाहुणे गेल्यावर ह्यांना सहज विचारलं, तुम्हाला कसं वाटलं नाव? म्हणाले, तुला वाटलं तसंच.

११ ऑक्टोबर, शनिवार

विहीणबाई सकाळी सकाळीच हजर. म्हणाल्या, बाळाच्या टोपीवर जरीने नाव भरा, अक्षरं चांगली मोठी घ्या, माझी नजर अधू झाली आहे हो. आणि कोरियाला धाडण्याआधी मला दाखवा. हे आतून ओरडले, मलाही.

माझा स्वतःचा फोन नाही. सूनबाईच्या फोनवरून मुकद्दसला विचारावं तर सूनबाईला कळणार. ह्यांच्या फोनवरून विचारावं तर तो स्पीकरवरच बोलतो, गल्लीला कळणार. तेव्हा पोस्टात जाऊन आले. पत्राची नक्कल:

चि. मुकद्दस हीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. समारंभ दृष्ट लागण्यासारखा झाला. आपल्या मेहमानखान्यात किती रेंज आहे ते तुझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. बाळाचं नाव सर्वांना अतिशय आवडलं, मला तर सर्वांत जास्त. टोपीवर भरायला घेतलं आहे. जरीचा धागा महाग आहे, उसवणं परवडायचं नाही, म्हणून केवळ खात्रीसाठी विचारते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण नाव ठळक लिहून, फोन न करता, उलट टपाली कळव.