माटोळीतला माझा चार आण्यांचा वाटा

मी, शिवदास कृष्णनाथ शेटगावकर, वय वर्षे त्रेसष्ट, कारखान्यातून निवृत्त, राहणार चोपडे, तालुका पेडणे, गोवा, लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, नशापाणी केलेलं नाही आणि माझी बुद्धी ठिकाणावर आहे. या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या वकील मनीषाबाईंना शंका आहे, कारण कालपासून मला हसू आवरत नाही. पण हसणारा माणूस शुद्धीवर नसतो असं कायद्यात कुठे लिहिलंय, ते त्यांना दाखवता आलं नाही. सरकारदरबारी लागणारी कोरडी प्रत त्या तयार करतील. ही ओली प्रत माझी.

तब्येतीला काही झालेलं नाही. मी एवढ्यात जात नाही, तेव्हा रडारड नको.

एक. घराबद्दल. आपल्या गोव्याच्या कायद्याने नवराबायकोचं जे काही असेल त्यातलं अर्धं मुळातच बायकोचं. उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं मुलांचं, ते बापाला मोडता येत नाही. म्हणजे रुपयातले आठ आणे माझी पत्नी देवकी हिचे, चार आणे मुलगा गौरेश आणि मुलगी सेजल यांचे, आणि मला मनाला येईल तसे द्यायला उरले चार आणे. माझ्या चार आण्यांत घराचा कुठला भाग येतो असं मी विचारलं, तर देवकीने दारासमोरच्या बाल्कांवाकडे, म्हणजे ओसरीकडे, बोट दाखवलं, जिथे मी संध्याकाळी पाय पसरून बसतो. तो भागही मी तिलाच देतो. बँकेत जे आहे त्यातला माझा वाटाही तिलाच. भांडण मिटलं.

दोन. सामान आणि जुने हिशेब. संगणक आणि चित्र काढायची पाटी-पेन सेजलला. तो जुना अवजड मॉनिटर माझा कारखान्यातला सोबती धोंडिबा याला द्यायचा होता. हा मूळचा आजऱ्याचा, छपाई यंत्रावर होता. पण साक्षीदाराला काही देता येत नाही हे कळल्यावर तो म्हणाला, मग मला साक्षीदार नका करू, मॉनिटरच द्या. शेवटी मॉनिटर आत्ताच देऊन टाकला आणि सहीला त्याला बसवून घेतलं.

ज्या साहेबांनी मला मलमाच्या खोक्यावर राक्षसाची कातडी छापून आल्याबद्दल मेमो दिला होता, त्यांना मी क्षमा करतो. घरी गेमसाठी रंगवलेल्या राक्षसाची फाइल माझ्या हातून कारखान्यात गेली, कबूल. पण मलम खाजेचं होतं आणि चित्र शोभत होतं, हेही नोंदवून ठेवतो.

इंटरनेटवर ज्या गृहस्थाने माझ्या प्रोग्रामची (तो खाली तीनमध्ये येतो) बटणं सरकारी कचेरीतली वाटतात असं लिहिलं, त्याला मी काहीही देत नाही. त्याच्या सांगण्यावरून मी ती सगळी बदलली, हे त्याला कोणी कळवू नये.

तीन. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे माटोळी. तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या खोक्यांवरची चित्रं संगणकावर करणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. गोळ्यांचं खोकं निळं, मलमाचं हिरवं. जन्मभर निळं-हिरवं करणाऱ्याने घरी येऊन काय करावं? मी गेममधले राक्षस रंगवायला घेतले. गेममधल्या भिंती, गाड्या, राक्षस, सगळ्यांवर एकेक चित्र चढवलेलं असतं, उशीला अभ्रा घालतात तसं. ते अभ्रे बाहेर काढायचे, हवे तसे रंगवायचे आणि परत चढवायचे, याला मॉडिंग म्हणतात. त्यासाठी मी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. त्यात गेममधली सगळी चित्रं एका चौकटीला टांगलेली दिसतात, चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण फळं आणि रानातल्या वेली बांधतो तशी. म्हणून त्याचं नाव माटोळी. तो फुकट आहे. कोणीही घ्यावा, आत उघडून बघावा, बदलावा.

पहिल्यांदा तो मी चवथीच्या सकाळी इंटरनेटवर ठेवला. आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन करून आलो, माटोळी सोडली, ओल्या कपड्यांनीच संगणकाशी बसलो आणि ती दुसरी माटोळीही इंटरनेटवरून काढून टाकली. चवथीला मांडलेलं विसर्जनानंतर तसंच ठेवायचं असतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी बघतो तर पोलंडपासून ब्राझीलपर्यंत बोंबाबोंब. पोलंडच्या एकाने, जो स्वतःला 'ओला बेडूक' म्हणवतो, मला कळकळीने विचारलं की तुमच्यात पाच दिवस ठेवायची काही सोय नाही का. तेव्हापासून माटोळी बारमाही आहे, पण नवी आवृत्ती चवथीलाच निघते, आणि पोलंडातली मंडळी मला विचारतात, यंदा चवथ कधी.

चार. साडीबद्दल. गेममध्ये एखादं चित्र सापडलं नाही तर त्या जागी काहीतरी दाखवावं लागतं, म्हणजे करणाऱ्याला कळतं की इथे घोळ आहे. असं चित्र ठरवायला मी बसलो होतो आणि खिडकीबाहेर दोरीवर देवकीची लाल चौकड्यांची साडी वाळत होती. फोटो काढला, घातला. कोपऱ्यात निळा चिमटाही आला. तेव्हापासून जगात कुठेही माटोळी वापरणाऱ्याचं काही चुकलं की त्याच्या किल्ल्याला, विमानाला, नाहीतर घोड्याला देवकीची साडी चढते. निळी वस्तू काय असावी यावर जाणकारांमध्ये मोठा वाद झाला. मी चिमटा असं सांगितलं नाही, मजा गेली असती.

देवकीला हे सेजलमुळे कळलं. सेजल डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवते. तिने आईला फोनवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात आग ओकणारा ड्रॅगन लाल चौकड्यांत अंगभर गुंडाळलेला डोंगरावरून गडगडत येत होता. देवकीने तो बघितला, परत बघितला आणि मला म्हणाली, "ह्या जनावराक माझी साडी कोणी नेसयली?" त्यानंतर कित्येक चवथी झाल्या, दर चवथीला तिचं एकच, ती साडी काढ. आणि दर चवथीला मी विसरलो. मुद्दाम विसरलो, आता लिहायला हरकत नाही.

पाच. ज्यावरून हे मृत्युपत्र लिहावं लागलं ती गोष्ट. माटोळी फुकट होती तोवर तिची किंमत शून्य, आणि शून्याचे वाटे करायला मनीषाबाईंनाही हौस नव्हती. मग गौरेशने बेंगळुरूच्या एका कंपनीचं पत्र आणलं. गौरेश वास्कोला जहाजाच्या एजंटाकडे नोकरीला आहे, सरळ डोक्याचा मुलगा आहे. कंपनीला माटोळी विकत हवी होती. पत्र आलं आणि माटोळीला किंमत आली. किंमत आली म्हणजे वाटे आले, आणि मी माझ्याच प्रोग्रामचा चार आण्यांचा धनी झालो. आठ आणे तिचे, जिला ती साडी दृष्टीसमोर नको होती.

गौरेश वाईट बोलत नव्हता. त्याचं म्हणणं, बाबा, तुम्ही आहात तोवर ठीक, तुमच्यामागे हे कोण बघणार, पडून कुजून जाईल, त्यापेक्षा कंपनी सांभाळेल. ज्या पोरांना खिशात दमडी नसताना माटोळीमुळे चित्रं काढायला मिळतात, त्यांच्या तोंडावर दार लागणार, एवढंच मला दिसत होतं. मला सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, आमटी आवडते, तीही घशाखाली उतरेना, यावरून समजा.

काल सगळे जेवायला बसलो. गौरेश आईला ते पत्र समजावून सांगत होता, कारण आठ आणेवालीला पटवलं की झालं. आठ आणे आणि त्याचे दोन, मग मी नि सेजल बोंबलत बसलो असतो. त्याने सांगितलं की कंपनी सगळं नवीन करणार, ती लाल चौकडीही काढणार आणि तिथे आपलं चिन्ह टाकणार. आई खूश होईल, असं त्याला वाटलं. मलाही तीच भीती होती.

देवकीचा हात ताटात थांबला. "माझी साडी काडून थंय तेंचो बोर्ड लायतले?"

गौरेश म्हणाला, हो, पण तूच तर म्हणत होतीस.

"मी म्हणतंय," ती म्हणाली. "तेंणी म्हणूचा नाय."

एवढ्यावर विषय संपला. तिने आमटी वाढली, मी तीनदा घेतली आणि तेव्हापासून हसतोय. गौरेशने आईकडे बघितलं, पत्राची घडी करून खिशात घातली, आणि मग त्यालाही हसू फुटलं. तिघांनीही आपापले आणे माटोळीला सोडायचं तिथेच ठरवलं. मी जिवंत असताना वारसांनी हक्क सोडल्याच्या सहीला कायद्यात अर्थ नाही, असं मनीषाबाईंनी आज बजावलं. घरात आहे, असं देवकीने त्यांना सांगितलं.

सहा. सबब माझे चार आणे, आणि घरच्यांनी राजीखुशीने त्यात घातलेले बारा, असे सोळाही आणे माटोळी कायमची फुकट ठेवण्यासाठी आहेत. ती कोणी विकू नये, कुलूप लावू नये. तिच्या किल्ल्या सेजल आणि ओला बेडूक यांच्याकडे राहतील. मनीषाबाई म्हणाल्या, बेडकाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि वय हवं. इतकी वर्षं ज्याने मला नाव सांगितलं नव्हतं त्याने तासाभरात कळवलं: तोमाश, वडील मारेक, वय एकेचाळीस. वर विचारलं की तुमच्यात अशा वेळी नारळ आणायचा असतो का. तुमच्यामागे हे कोण बघणार, या गौरेशच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

खाली देवकीला काही लिहायचं आहे, म्हणून कागद तिच्याकडे देतो.

मी देवकी शिवदास शेटगावकर. वरचं सगळं वाचलं. आमटी त्यांनी चारदा घेतली. माझे आठ आणे दिले, पण एक अट आहे. सेजल म्हणाली की जिथे काही सापडत नाही तिथे माझी साडी दिसते, आणि आम्ही दोघं गेलो तरी दिसत राहील. मग ती जुना विटका फोटो होऊन दिसू नये. साडी आज धुऊन दोरीवर घातली आहे. पावसाने उघडीप दिली आहे तोवर यांनी सह्या आटपून फोटो काढावा. चिमटा होता तोच लावला आहे.

लिहून ठेवणार: शिवदास कृष्णनाथ शेटगावकर
अट घालणार: देवकी शिवदास शेटगावकर
मान्य: सेजल
मान्य, आईच्या बाजूने: गौरेश

साक्षीदार:
१. धोंडिबा सुतार, तुयें (मॉनिटर मिळाला)
२. रुक्मिणी हरमलकर, शेजारीण, चोपडे (दोरी माझी, त्यांची तुटली होती)

स्थळ: चोपडे, पेडणे
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५, ऊन असताना